टाकीतल्या बिअरचा तपशील ग्राहकाला का मिळू नये?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ज्या उपाहारगृहांत जागेवरच बिअर तयार करून ती जेवणासोबत दिली जाते, तेथे प्रत्येक बिअरमधील मद्यार्काचे प्रमाण, ग्लासाचे माप, वापरलेले घटक, ती तयार झाल्याची तारीख आणि सर्व करांसह किंमत ही माहिती मराठीत आणि ग्राहकाच्या डोळ्यांसमोर लावणे परवान्याची अट करावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पाणीटंचाई, खड्डे आणि कचरा यांवरील पत्रांच्या शेजारी हा विषय थोडा ओशाळवाणा दिसेल, याची मला कल्पना आहे. तरीही तो मांडावासा वाटतो, कारण कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटलीबंद बिअर घेणाऱ्याला जे सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, ते प्रत्यक्ष टाकीपासून दहा पावलांवर बसलेल्या आणि दुकानापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला बहुतेक ठिकाणी सांगितले जात नाही.

प्रथम हे स्पष्ट करतो की, ही तक्रार अशा जागांच्या विरोधातली नाही. आम्ही महाविद्यालयापासूनचे मित्र-मैत्रिणी, बहुतेक जण आता निवृत्त, अधूनमधून एकत्र जेवतो आणि गेली काही वर्षे घराजवळच्या अशाच एका ब्रूअरीत जमतो. आमच्या तरुणपणी मद्य मिळणारी जागा म्हणजे परमिट रूम, आणि परमिट रूम म्हणजे मंद तांबडा दिवा, काळ्या काचा आणि कोपऱ्यात जाळीच्या पडद्याआड ‘फॅमिली रूम’ नावाची एक कोंदट खोली, जिच्यात कोणतेही कुटुंब खुशीने बसलेले मी पाहिले नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने एका हॉटेलच्या आवारात जागेवर बिअर तयार करायला सुरुवात केली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मुंढवा, कोरेगाव पार्क, हडपसर येथपासून बाणेरपर्यंत अशा जागा निघाल्या. त्यांनी केलेला सर्वांत मोठा बदल बिअरच्या चवीतला नसून उजेडातला आहे, असे माझे मत आहे. मोठ्या खिडक्या, काचेपलीकडे दिसणाऱ्या चकचकीत टाक्या, लांब टेबले आणि सात वाजता जेवायला आलेली लहान-मोठी माणसे. अशा ठिकाणी आमच्या वर्गमैत्रिणी कोणाच्याही नजरेची पर्वा न करता निवांत बसू शकतात, ज्यांना प्यायचे नाही ते कोकम सरबत घेऊन तितकाच वेळ गप्पा मारू शकतात, आणि सोबतचे खाणे केवळ ‘चखणा’ न राहता रीतसर जेवण होते.

जेवणाबद्दल दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. बिअर जेवणासोबत घ्यायचा पदार्थ आहे, ही गोष्ट आपल्याकडे या जागांमुळे रुजू लागली आहे आणि ती स्वागतार्ह आहे, कारण पोटात अन्न असले की मद्यार्क रक्तात हळूहळू जातो. गव्हाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाची, बिअर तळलेल्या कोलंबीबरोबर किंवा कोथिंबीर वडीबरोबर छान लागते. हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा जास्त असलेली बिअर मात्र आपल्या झणझणीत रश्श्याबरोबर घेतली, तर तिखट आणखीच चढते, हे आमच्यातल्या एका कोल्हापूरकराने स्वतःच्या जिभेवर सिद्ध केले आहे. भाजलेल्या माल्टची काळी बिअर सुक्या मटणाला शोभते. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने घालतात. आमच्या एका मैत्रिणीने, जी स्वतः मद्य घेत नाही, नुसत्या वासावरून धने ओळखले आणि ते भाजून घातले की कच्चे, असा प्रश्न वेटरला विचारला. त्याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. माझा मुद्दा तेथूनच सुरू होतो.

दुकानातली बिअरची बाटली हातात घेऊन पाहावी. तिच्यावर मद्यार्काचे टक्के असतात, मिलिलिटरमध्ये प्रमाण असते, उत्पादकाचे नाव आणि पत्ता, उत्पादनाची तारीख, किंमत आणि वैधानिक इशाराही असतो. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मद्यांसाठी केलेले नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांत बिअरची विभागणीही स्पष्ट आहे, ५ टक्क्यांपर्यंत सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत तीव्र. आता तीच व्यक्ती ब्रूअरीत बसली की तिच्यापुढे येणाऱ्या मेनूकार्डावर काय असते? मी पाहिलेल्या बहुतेक कार्डांवर बिअरचे एक गमतीदार इंग्रजी नाव, तिच्या ‘स्वभावा’चे चार ओळींचे वर्णन, आणि ‘लहान’ व ‘मोठा’ अशा दोन ग्लासांच्या किमती, त्याही कर सोडून. वर्णनात उन्हाळा, समुद्रकिनारा आणि केळ्याचा सुगंध असतो, टक्के नसतात. काही ठिकाणी ते छापलेले असतात, हे प्रामाणिकपणे नमूद करतो, परंतु ती मालकांची मर्जी झाली. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी कार्डावर छापाव्या लागतात, म्हणजे बटाट्याच्या फोडींनी वजन किती वाढेल हे कळण्याची सोय आपण केली आहे. त्यांच्या शेजारच्या ग्लासात मद्यार्क किती, हे मात्र विचारून घ्यावे लागते, आणि संगीताच्या आवाजात ते ओरडून विचारावे लागते.

विचारल्यावर मिळणारे उत्तर साधारणपणे ‘सर, लाइट आहे’ किंवा ‘ही थोडी स्ट्राँग आहे’ असे असते. यात वेटरचा दोष मी मानत नाही. त्याला जे सांगितले आहे तेच तो सांगणार. अडचण अशी की, हलकी आणि जड यांबद्दलचे आपले बहुतेकांचे ठोकताळे रंगावर उभे आहेत, आणि रंगाचा मद्यार्काशी थेट संबंध नाही. काळा रंग माल्ट करपेपर्यंत भाजल्याने येतो. आयर्लंडच्या जगप्रसिद्ध गिनेस या काळ्या बिअरच्या पिंपातल्या प्रकारात मद्यार्क अवघा ४.२ टक्के असतो. याउलट बेल्जियन धाटणीची एखादी सोनेरी, गोडसर, सहज घशाखाली उतरणारी बिअर ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे काळी बिअर ‘कडक’ समजून टाळणारा आणि सोनेरी ‘हलकी’ समजून मोठा ग्लास मागवणारा ग्राहक नेमका उलट निवड करतो.

हा फरक किती मोठा आहे, हे साध्या गुणाकाराने पाहता येते. ५०० मिलिलिटरच्या ग्लासात ४.५ टक्क्यांची बिअर असेल, तर त्यात २२.५ मिलिलिटर मद्यार्क असतो, ७.५ टक्क्यांची असेल, तर ३७.५ मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १२.८ मिलिलिटर. या हिशेबाने पहिला ग्लास पावणेदोन पेगांइतका आणि दुसरा जवळजवळ तीन पेगांइतका होतो. ‘आम्ही फक्त एकेक बिअर घेतली’ असे घरी सांगणारे दोन मित्र दोघेही खरे बोलत असतील, पण त्यांच्या रक्तातला हिशेब सारखा नसेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या गटाचा नियम असा की, गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही, आणि माझ्या मते तोच एकमेव सुरक्षित नियम आहे. परंतु रिक्षाने किंवा मेट्रोने घरी जाणाऱ्यालाही आपण काय आणि किती घेतले हे कळण्याचा अधिकार आहे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला तर तो अधिकच आहे, आणि आमच्या वयाच्या टेबलावर असे निम्मे लोक असतात.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्यानंतर या शहरात पब आणि बार यांच्यावर पुष्कळ चर्चा झाली. ती ग्राहकाचे वय तपासण्याबद्दल आणि बंद करण्याच्या वेळांबद्दल झाली, आणि ती होणे आवश्यकच होते. पण आपल्या राज्यात वयाची अट मुळात मद्याच्या प्रकारावर बेतलेली आहे: सौम्य बिअरसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५. सौम्य आणि तीव्र यांच्यातली रेषा टक्क्यांनी आखायची आणि ते टक्के ग्राहकापुढे, किंबहुना कित्येकदा वाढणाऱ्या वेटरपुढेही ठेवायचे नाहीत, मग नियम पाळला जातो की नाही हे कोण आणि कसे पडताळणार, हा प्रश्न त्या चर्चेत मला कोठे दिसला नाही.

अशी माहिती देणे अवघड आहे, असा मालकांचा पहिला आक्षेप असतो. आमची बिअर कारखान्यातली नाही, प्रत्येक खेप थोडी वेगळी निघते, त्यामुळे कार्डावर पक्का आकडा छापणार कसा, असे एका व्यवस्थापकाने मला सांगितले. खेप वेगळी निघते हे खरे आहे, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दळलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवतात, तेव्हा त्यातल्या पिष्टाची साखर होते. तापमान दोन-तीन अंशांनी खाली राहिले, तर यीस्टला पचेल अशी साखर जास्त तयार होते आणि बिअर कोरडी व अधिक तीव्र निघते. वर गेले, तर अंगाने भरीव पण तीव्रतेने कमी. मग हा गोड रस हॉप्स घालून तासभर उकळायचा, झटकन गार करायचा आणि यीस्ट मिसळून टाकीत आंबवायला ठेवायचा. ‘एल’ जातीची बिअर १८ ते २२ अंशांत आठवड्याभरात आंबते आणि मुरून ग्लासात यायला दोन-तीन आठवडे घेते. ‘लागर’ थंडीत सावकाश आंबते आणि तिला त्याहून बरेच जास्त दिवस लागतात.

परंतु खेप बदलते म्हणून आकडा ठाऊक नसतो, असे मुळीच नाही. ज्याला ही बिअर तयार करायची आहे, तो आंबवण्यापूर्वी आणि आंबवल्यानंतर रसाची घनता मोजतोच मोजतो. गावातल्या दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर बुडवून दूध तपासतात, तसाच हा प्रकार. सुरुवातीला घनता पाण्याच्या १.०४८ पट होती आणि शेवटी १.०११ पट राहिली, तर त्या ०.०३७ च्या फरकाला साधारण १३१ ने गुणले की मद्यार्क मिळतो: सुमारे ४.८ टक्के. प्रत्येक टाकीचा हा आकडा ब्रूअरच्या वहीत लिहिलेला असतो. एकदा आम्ही आग्रह धरल्यावर तेथला तरुण ब्रूअर स्वतः टेबलापाशी आला आणि त्याने चारही टाक्यांचे आकडे, एखाद्या शेतकऱ्याने आपल्या जनावरांची नावे सांगावीत तसे, अडखळल्याशिवाय आणि काहीशा अभिमानाने सांगितले. राज्य उत्पादन शुल्क विभागालाही तयार झालेल्या आणि विकलेल्या बिअरचा हिशेब द्यावा लागतो. थोडक्यात, माहिती आत आहे, सरकारपर्यंतही जाते. ती मधल्या भिंतीवर तेवढी लागत नाही. छापील कार्ड बदलणे खर्चिक असेल, तर खडूची पाटी चालेल. बहुतेक ब्रूअऱ्यांत तशी पाटी असतेच आणि तिच्यावर रोज नवा इंग्रजी विनोद लिहिला जातो.

आता मापाबद्दल. परमिट रूममध्ये पेग मोजण्याचे मापक वजनमापे तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून पडताळून शिक्का मारलेले असावे लागते. बिअरच्या ग्लासाच्या बाबतीत मात्र कडेपर्यंत भरले तर ५०० मिलिलिटर मावतात, एवढ्यावर काम चालते, आणि कडेपर्यंत तो भरला जात नाही, कारण वर फेस असतो. फेस असू नये असे मी म्हणत नाही. बिअरचा सुगंध त्यातूनच येतो आणि फेस नसलेली बिअर मेलेली दिसते. पण ग्लासाच्या तोंडाचा आतला व्यास ८ सेंटीमीटर धरला, तर २ सेंटीमीटर उंचीचा फेस सुमारे १०० मिलिलिटर जागा अडवतो, आणि तो खाली बसला की त्यातून फारच थोडी बिअर निघते. मोठ्या ग्लासाच्या किमतीचा सहावा-सातवा हिस्सा अशा रीतीने हवेत जातो. यावरचा उपाय जर्मनीत फार पूर्वीपासून रूढ आहे: ग्लासाच्या कडेपासून थोडी खाली मापाची रेघ असते, तिच्या शेजारी लिटरचा आकडा असतो, बिअर रेघेपर्यंत आणि फेस रेघेच्या वर. तेथेही सगळे सरळ चालते असे नाही. म्युनिकमध्ये कमी माप भरणाऱ्यांविरुद्ध ग्राहकांची एक रीतसर संघटनाच आहे, आणि असली संघटना पुण्यात अजून कशी निघाली नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

आपल्याकडच्या काही ब्रूअऱ्यांच्या भिंतीवर जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील १५१६ सालच्या शुद्धतेच्या नियमाचा उल्लेख मोठ्या गौरवाने केलेला असतो: बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. त्या फर्मानात घटकांच्या आधी किमती येतात, हे तेथे सांगितलेले नसते. सप्टेंबरअखेरच्या सणापासून एप्रिलमधल्या सणापर्यंत एका ‘मास’ मापाला एक फेनिगपेक्षा (हे तेथले तेव्हाचे नाणे) जास्त आणि उरलेल्या वर्षात दोन फेनिगपेक्षा जास्त घेऊ नये, असे ड्यूकने बजावले होते. म्हणजे माप, किंमत आणि घटक या तिन्ही गोष्टी ग्राहकाला आधीच ठाऊक असाव्यात, ही कल्पना बिअरच्या व्यवसायाला नवी नाही. आपण भिंतीवर लावताना त्यातली सोयीची तेवढी घेतली.

घटकांची माहितीही शोभेची नाही. गव्हाची बिअर गव्हाचे वावडे असणाऱ्याला चालत नाही. ‘मिल्क स्टाउट’ नावाच्या प्रकारात दुधातली साखर घालतात आणि यीस्टला ती पचत नसल्याने ती तशीच ग्लासात येते, म्हणून दूध न सोसणाऱ्याला त्रास होऊ शकतो. बिअर नितळ करण्यासाठी काही ठिकाणी माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ वापरण्याची जुनी ब्रिटिश पद्धत आहे. आपल्याकडच्या ब्रूअऱ्या तो वापरतात असा माझा दावा नाही, पण आमच्या टेबलावरच्या कडक शाकाहारी मित्राने हे वाचल्यापासून प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे, आणि ‘नाही, वापरत नाही’ एवढे एक वाक्य पाटीवर असते, तर त्याचे आणि वेटरचे दोघांचेही कष्ट वाचले असते. आंबा, कोकम, नाचणी असे आपले जिन्नस घातल्याचे काही ठिकाणी आवर्जून सांगतात. ते फळ होते की अर्क, हेही मग सांगावे.

बिलाबद्दल मी थोडक्यातच लिहितो. खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी, मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट, जो उपाहारगृहांतील मद्यावर १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला, आणि त्यावर कित्येकदा न विचारता लावलेले सेवाशुल्क. हे सेवाशुल्क सक्तीचे करता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली; तरीही बिलावरची ती ओळ काढायला सांगताना आजही ग्राहकालाच अवघडल्यासारखे होते. आमचा व्यवहार ‘टीटीएमएम’चा, म्हणजे ज्याचे त्याने भरायचे. त्यात न पिणाऱ्या मैत्रिणीच्या वाट्याला कोणता कर आणि पिणाऱ्याच्या वाट्याला कोणता, हे सोडवायला आमच्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यालाही मोबाइलचा कॅलक्युलेटर काढावा लागतो. कार्डावर सर्व करांसह अंतिम किंमत असेल, तर हा प्रश्नच राहत नाही.

मालकांच्या आक्षेपांपैकी एक मात्र मला गंभीर वाटतो. टक्के ठळकपणे लिहिले की लोक चव सोडून ‘जास्तीत जास्त टक्के कोणात’ हेच पाहतील आणि सर्वांत तीव्र बिअर सर्वांत जास्त खपेल, असे ते म्हणतात. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये तीव्र बिअरचा वाटा फार मोठा आहे, हे पाहता ही भीती निराधार नाही. पैसे वसूल करण्याची वृत्ती आपल्यात आहे. तथापि ती वृत्ती बाटलीवरचे टक्के वाचून आधीच पोसली गेलेली आहे, आणि तिच्यासाठी बाटलीवरचे आकडे पुसावेत असे कोणी म्हणत नाही. ज्याला मोजून-मापून घ्यायचे आहे, त्याला अंधारात ठेवून ज्याला जास्त घ्यायचे आहे तो थांबत नाही. माझ्या मते यावर अधिक नेमका उपाय म्हणजे तीव्र बिअर मोठ्या ग्लासात देऊच नये. काही चांगल्या जागा ६ टक्क्यांपुढची बिअर लहान ग्लासातच देतात, आणि त्याबद्दल कोणी भांडण केल्याचे मी पाहिलेले नाही.

तारखेचा मुद्दा राहिला. अशा ठिकाणची बिअर सहसा गाळून आणि निर्जंतुक करून बाटलीत भरलेली नसते. ती जिवंत असते, तिची चव आठवड्यागणिक बदलते. गव्हाची बिअर ताजी चांगली, तर तीव्र काळी बिअर मुरलेली चांगली. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, राज्य सरकारने ब्रूअऱ्यांना त्यांची ताजी बिअर मोठ्या बाटलीत, ज्याला ‘ग्राउलर’ म्हणतात, भरून घरी नेण्यासाठी विकायची परवानगी दिली. ही बाटली शीतकपाटात ठेवली, तरी एक-दोन दिवसांतच संपवावी लागते. मला मिळालेल्या अशा एका बाटलीवर ब्रूअरीचे सुंदर चित्र होते आणि भरल्याची तारीख कोठेही नव्हती.

राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून या जागांच्या परवान्यांचे दर वर्षी नूतनीकरण होते. त्या वेळी खडूच्या पाटीची आणि रेघ असलेल्या ग्लासाची अट घालणे हे प्रशासकीय दृष्ट्या फार मोठे काम नाही. ग्लासांच्या पडताळणीसाठी वैधमापन शास्त्र यंत्रणा आहेच. आमच्या गटातर्फे आम्ही या दोन्ही कार्यालयांना निवेदन देत आहोत आणि नेहमीच्या ब्रूअरीच्या मालकांनाही त्याची प्रत देणार आहोत. पाटीवर नेमके काय असावे, असे कोणी विचारले, तर एका टाकीपुरता नमुना असा: ‘गव्हाची बिअर. घटक: गव्हाचे व बार्लीचे माल्ट, हॉप्स, यीस्ट, पाणी. मद्यार्क ४.८ टक्के. रेघेपर्यंत ३०० मिलिलिटर किंवा ५०० मिलिलिटर. टाकीत भरल्याची तारीख, आणि त्यापुढे सर्व करांसह दोन्ही ग्लासांच्या किमती.’ कोणत्याही मालकाला अटीची वाट न पाहता उद्यापासून हे लिहिता येईल. आपल्या वाचकांपैकी कोणी अशी पाटी किंवा रेघेचे ग्लास असलेली जागा शहरात पाहिली असेल, तर त्यांनी या सदरातून जरूर कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे